वार्धक्याचा निर्णय कोणाचा?

आईबाप म्हातारे झाले म्हणजे त्यांनीं कोठें व कोणाच्या आधारानें राहावें, हा प्रश्न घरोघर उद्भवतो. आणि वाङ्मयानेंही तो वारंवार हातीं घेतला आहे. परंतु आपण रंगभूमीवर जें पाहून डोळे पुसतों, त्यांत बहुधा मुलांच्या कृतज्ञतेची परीक्षा असते. आईबापांच्या इच्छेची विचारपूस क्वचितच असते. मुलगा कृतघ्न कीं सत्पुत्र एवढें ठरलें, म्हणजे पडदा पाडावयास आपण मोकळे होतों. वास्तविक ज्या घरांत कोणीच कृतघ्न नसतो, तेथेंच हा प्रश्न अधिक बिकट असतो. आई एकटी राहते. दोनदां न्हाणीघरांत पडली. औषध घेतलें कीं नाहीं हें तिला आठवत नाहीं. आणि तरीही आपलें घर सोडावयास ती तयार नाहीं. येथें दोष कोणाचा हें विचारून कांहींच निष्पन्न होत नाहीं. निर्णयाची वेळ आली हें कोणीं ओळखावें आणि निर्णय कोणीं करावा, हें विचारावें लागतें. या दृष्टीनें एक इंग्रजी नाटक, एक मराठी नाटक आणि एक मराठी चित्रपट यांचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या परंपरेंत या प्रश्नाचें एक उत्तर होतें. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाला मूल झालें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे. लगेच पुढें पत्नीला मुलांच्या स्वाधीन करण्याची किंवा बरोबर नेण्याची मुभा दिली आहे. त्यांत तिची स्वतःची इच्छा काय, हा प्रश्नच उपस्थित होत नाहीं. हा दोष मान्य करूनही त्या उपदेशांतलें एक मर्म घेण्यासारखें आहे. खुणा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाच्या, आणि पायांत बळ आहे तोंवर पाऊल स्वतः उचलावयाचें.

शेक्सपिअरचा लिअर हेंच करूं पाहतो. १६०८ सालीं प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकाच्या आरंभीं ऐंशी ओलांडलेला राजा राज्य वाटून टाकतो. एकेक महिना पाळीपाळीनें दोन मुलींकडे राहावयाचें आणि सोबत शंभर सरदार ठेवावयाचे, अशी व्यवस्था लावतो. ही व्यवस्था त्याची एकट्याची. ती मुलींना झेपेल काय, हें तो विचारीत नाहीं. विचारतो तें एवढेंच कीं, तुमचें माझ्यावर प्रेम किती? प्रेमाचें माप मागणाऱ्या या बापाला लवकरच लवाजम्याचें माप काढणाऱ्या मुली भेटतात. शंभरांचे पन्नास होतात, पन्नासांचे पंचवीस होतात, आणि शेवटीं एकही उरत नाहीं.

हें नाटक वर्गांत शिकवितांना विद्यार्थी प्रायः एकमुखानें लिअरच्या बाजूला असतात, असा माझा अनुभव आहे. परंतु गॉनरिलची तक्रार एकदां शांतपणें वाचावी. शंभर माणसांचा दंगा, नोकरांना मारहाण, घराला आलेलें सराईचें स्वरूप, हें सर्व केवळ कांगावा आहे काय? पीटर ब्रूक यानें १९६२ सालीं हें नाटक रंगभूमीवर आणलें, तेव्हां सरदारांचा धुडगूस प्रत्यक्ष दाखवून गॉनरिलच्या तक्रारीला वजन दिलें. रीगनचा युक्तिवाद तर याहून अवघड आहे. तुमची अवस्था तुमच्यापेक्षां दुसऱ्यांना अधिक कळते, तेव्हां त्यांच्या सांगण्याप्रमाणें वागा, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. आज कोणताही समंजस मुलगा हेंच म्हणेल, आणि पुष्कळदां तें खरेंही असेल. मग रीगनच्या तोंडीं तें इतकें भयंकर कां वाटतें? कारण निर्णय आधीं झालेला आहे आणि युक्तिवाद मागाहून शोधलेला आहे. बापाच्या हिताचें नांव पुढें करून ती आपली सोय साधते. सत्य बोलूनही क्रूर होतां येतें, हें शेक्सपिअरनें येथें दाखविलें आहे.

याच्या उलट, वेडाच्या झटक्यांतून जागा होणाऱ्या लिअरजवळ कॉर्डेलिया बसलेली असते, तो प्रवेश पाहावा. त्याला आपण कोठें आहों हें उमजत नाहीं. आपली बुद्धि शाबूत नसावी, असें तो स्वतःच म्हणतो. अशा वेळींही ती त्याला महाराज म्हणूनच हाक मारते आणि पुढें काय करावयाचें तें न सांगतां, त्याची इच्छा विचारते. राज्य गेलेल्या त्या वृद्धाला नाटकभर ज्या एका गोष्टीची भूक होती ती हीच.

आतां मराठीकडे वळूं. वि. वा. शिरवाडकरांचें ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजीं प्रथम रंगभूमीवर आलें, आणि डॉ. श्रीराम लागू यांनीं साकारलेले अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राच्या घरांतलेच एक होऊन बसले. लिअरशीं त्यांचें नातें उघड आहे. तेही सर्व मिळकत मुलांना देऊन मोकळे होतात. मुलाच्या घरीं नातीच्या वळणावरून खटके उडतात, मुलीच्या घरीं चोरीचा आळ येतो, आणि शेवटीं वृद्ध दांपत्य रात्रीं घराबाहेर पडतें. अप्पांच्या वाणीचें वैभव असें आहे कीं, त्या वाणीपुढें दुसऱ्या कोणाचें म्हणणें ऐकूंच येत नाहीं. नाटकाचें सामर्थ्य यांतच आहे आणि माझ्या मतें त्याची मर्यादाही यांतच आहे. सुनेला नातीच्या बोलण्याची काळजी वाटावी, यांत अस्वाभाविक काय आहे? दोन पिढ्या एका छपराखालीं राहावयाच्या तर कोणीं किती मुरड घालावयाची, हें आधीं बोलावें लागतें. मिळकतीच्या वांटणीचें बोलणें होतें. राहण्याचें बोलणें होत नाहीं. प्रेक्षक मुलांना दूषणें देत घरीं जातो, आणि आपल्याही घरीं तें बोलणें राहून गेलें आहे, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

मिळकतीपुरता उपाय कायद्यानें पुढें काढला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्याच्या कलम २३ अन्वये, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मागतां येते. हें कलम लिअरच्या हातीं असतें तर त्याला राज्य परत मागतां आलें असतें. परंतु मुलीच्या घरांतलें आपलेपण कोणत्या न्यायाधिकरणानें त्याला मिळवून दिलें असतें?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट या प्रश्नाला अगदीं निराळ्या बाजूनें भिडतो. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणि शास्त्री यांची स्मृति अल्झायमरच्या विकारानें विरत चालली आहे. ही भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुलगी त्यांना मोटारींत बसवून क्षणभर दूर जाते. तेवढ्यांत रस्त्यावरून हत्ती जातो, आणि शास्त्री बालसुलभ कुतूहलानें त्याच्या मागोमाग निघतात. येथें कोणी कृतघ्न नाहीं. मुलगी प्रेमळ आहे, थकलेली आहे आणि अपराधी भावनेनें पोळलेली आहे. बापाला विचारावें, तर उत्तर देणारा तो बाप आतां कोठें आहे? माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखें जेऊं घालते, आणि शास्त्री तिच्या ठिकाणीं आई पाहतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वथा योग्य होता. परंतु एक शंका नोंदवावीशी वाटते. चन्नम्माची माया थोड्या काळाची आहे. वर्षानुवर्षें रात्री जागविणाऱ्या मुलीच्या मायेशीं तिची तुलना नकळत होऊं लागते, आणि त्या तुलनेंत मुलीवर अन्याय होतो. पाहुण्याला हंसतमुखानें वाढणें आणि रोजचा स्वयंपाक करणें, यांतलें अंतर गृहिणींना सांगावयास नको.

तथापि स्मृति गेली म्हणजे इच्छाही गेली, असें नव्हे, हें ‘अस्तु’नें ठसविलें, ही त्याची मोठी कामगिरी होय. ज्याला बँकेचा हिशेब जमत नाहीं, त्यालाही खिडकीजवळची खाट हवी कीं भिंतीजवळची, हें सांगतां येतें. निर्णयशक्ति दिव्यासारखी एका फुंकरीनें विझत नाहीं. ती ओहोटीसारखी हळूहळू उतरते. म्हणून मोठा निर्णय हातून गेला, तरी लहान निर्णय म्हाताऱ्या माणसाकडेच राहूं द्यावेत. आणि मोठ्या निर्णयाचें बोलणें भरती आहे तोंवर करावें. आपणांस कोठें राहावयाचें आहे, काय झालें म्हणजे हें घर सोडावयाचें, आणि बुद्धि चालेनाशी झाल्यावर कोणाचा शब्द मानावयाचा, हें आईबापांनीं सांगावें. आणि तें झेपेल कीं नाहीं, हें मुलांनींही न लाजतां सांगावें.

हें संभाषण कडू असतें, म्हणून तें कोणी काढीत नाहीं. नाटककारालाही त्यांत रंग भरण्यासारखें कांहीं दिसत नसावें. वादळ, आक्रोश आणि कृतघ्नता यांनीं रंगमंच दणाणतो. चहाचे पेले निवत असतां आई, मुलगा आणि सून आगामी दहा वर्षांविषयीं चांचरत बोलताहेत, हा प्रवेश मात्र अजून कोणीं ताकदीनें लिहावयाचा आहे. तो लिहिला गेला, तर घरोघर त्याची तालीम होईल, आणि ती व्हावयास हवी.