बटण दाबलं म्हणजे तयारी दाखवली का?

जे मोजायचंय ते थेट मोजता येत नसेल, तर आपण त्याच्या जागी दुसरं काहीतरी मोजतो. ही निवड चुकली की पुढचं सगळंच चुकतं. विंडोज १० चं उदाहरण बघा.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सगळ्यांना द्यायची. पुढच्या महिन्यातल्या काही दुरुस्त्या मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच 'प्रिव्ह्यू' म्हणून यायच्या. कुणाला? सेटिंग्जमध्ये जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबणाऱ्यालाही. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीनेच हे सांगितलं. तिच्या लेखी हे 'ॲडव्हान्स्ड' वापरकर्ते.

घोळ इथेच आहे. ते बटण जाणकार दाबतो, तसाच 'कॉम्प्युटर अपडेट ठेवा' हा सल्ला मनापासून पाळणारा नवखाही दाबतो. त्याला विचारायचं असतं, 'माझं काही राहिलंय का?' कंपनी ऐकते, 'माझ्यावर प्रयोग करा.' म्हणजे क्लिकवरून जाणकारी मोजली, पण हाती आला तो सावधपणा.

किंमत काय, ते त्याच वर्षी दिसलं होतं. २ ऑक्टोबरला १८०९ ही आवृत्ती पूर्ण झालेली म्हणून आली, तीही आधी बटण दाबणाऱ्यांना. काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या गेल्या. चार दिवसांत वाटप थांबलं; १३ नोव्हेंबरला ती पुन्हा आली. कंपनीच्या मते अशा तक्रारी एकूण इन्स्टॉलच्या ०.०१ टक्का होत्या. आकडा छोटा आहे, पण नुकसान किती गंभीर, हे तो सांगत नाही. चाचणी करणाऱ्या काहींनी आधीच कळवलंही होतं, पण तक्रारीची तीव्रता नोंदवायची सोयच नव्हती. ती नंतर आली.

कुणीतरी आधी वापरून बघायलाच हवं, हे मान्य. पण ज्याच्याकडे बॅकअप आहे आणि ज्याला धोका कळलाय, त्याने. २०१९ मध्ये मोठ्या आवृत्तीसाठी 'डाउनलोड अँड इन्स्टॉल नाऊ' हा वेगळा पर्याय आला, पुढे प्रिव्ह्यूही ऐच्छिक म्हणून वेगळे दिसू लागले. तपासणं आणि बसवणं वेगळं झालं, हे चांगलंच. तरी 'ऐच्छिक' या शब्दातून धोका कळत नाही. 'हे अजून तपासणीत आहे, आधी बॅकअप घ्या' एवढं एक वाक्य पुरलं असतं.

आता स्वतःची प्रश्नावली काढा. 'सहमत आहे' वर टिक करणाऱ्याला नक्की काय कळलंय, हे तुम्ही तपासलंय का?