तारुण्यांतलें गाणें आणि टीकाकाराचा कान

“आतां पूर्वीसारखीं गाणीं राहिलीं नाहींत,” हें वाक्य मराठी घरांत, बैठकींत आणि मासिकांच्या पानांवर इतक्या वेळां आणि इतक्या निरनिराळ्या पिढ्यांच्या तोंडून उमटलें आहे कीं, तें आतां एक मत न राहतां वयाचें लक्षण बनलें आहे. केस पिकूं लागतात, चष्म्याचा नंबर वाढतो, आणि चालू गाण्यांत गोडी वाटेनाशी होते, या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच सुमारास घडतात. पहिल्या दोहोंचा दोष आपण जगास देत नाहीं. तिसरीचा मात्र बेधडक देतों. असें कां व्हावें, आणि अशा आवडीस संगीताच्या टीकेंत कितपत मान द्यावा, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्याच संगीताचा इतिहास पाहूं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें साकी, दिंडी, कामदा अशा मराठी वळणाच्या वृत्तांत, तशींच लावणीच्या व कर्नाटकी चालींवर बसविलेलीं होतीं. १९११ सालीं ‘मानापमान’ आलें, आणि गोविंदराव टेंब्यांनीं पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा ढंग नाट्यपदांत आणला. पांच वर्षांनीं ‘स्वयंवरा’साठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालगायकींतील चिजांच्या आधारें चाली दिल्या, आणि बालगंधर्वांच्या गळ्यांतून त्या घरोघर पोहोंचल्या. ‘सौभद्रा’च्या साध्या चालींवर ज्यांचे कान वाढले होते, त्यांना या विस्तारांत नाटक बुडाल्यासारखें वाटलें तर त्यांत नवल नाहीं, गाण्यानें नाटक गिळलें ही तक्रार मराठी नाट्यचर्चेंत पुढें पुष्कळ वर्षें चालली. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि गाणें रंगभूमीवरून पडद्यावर सरकूं लागलें. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तेवढ्यांत मावेल असें भावगीत त्याच दशकांत रुजलें. गंधर्वांच्या नाटकांसाठीं ज्यांनीं रात्रीच्या रात्री जागविल्या होत्या, त्यांना हा प्रकार पातळ वाटला. परंतु ज्यांनीं गजाननराव वाटव्यांच्या मैफलींस गर्दी केली, त्यांच्या लेखीं तेंच खरें मराठी गाणें होतें. पुढें १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांच्या ‘गीतरामायणा’चीं ५६ गीतें आलीं, १९६४ सालीं ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ सालीं ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकांतून जितेंद्र अभिषेक्यांनीं नाट्यपदास नवें वळण दिलें, त्यानंतर कॅसेटींचा काळ आला. यांपैकीं प्रत्येक काळास कोणीतरी सुवर्णयुग म्हटलें आहे. बोलणाऱ्यास त्याच्या सुवर्णयुगाचें साल विचारावें आणि त्यांतून वीस वजा करावेत. त्याचें जन्मसाल सांगतांना फारशी चूक होत नाहीं.

मानसशास्त्रज्ञांनीं या वजाबाकीचें मोजमापही केलें आहे. १९८९ सालीं मॉरिस होल्ब्रुक व रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनीं १६ पासून ८६ वर्षांपर्यंतच्या १०८ माणसांस १९३२ ते १९८६ या काळांतील २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकविले आणि कोणतें किती आवडलें तें विचारलें. गाणें गाजत होतें त्या वेळीं ऐकणारा सुमारें साडेतेवीस वर्षांचा असला, तर तें त्यास सर्वांत अधिक आवडे. त्याच्या आधींचीं व नंतरचीं गाणीं घेतलीं तर आवड दोन्ही बाजूंनीं उतरत जाई. १०८ अमेरिकनांवरून सर्व मनुष्यजातीचा सिद्धांत बांधणें धाडसाचें होईल, आणि साडेतेवीस हा आंकडा शिलालेख मानण्याचेंही कारण नाहीं. परंतु त्यानें दाखविलेली दिशा आपल्या अनुभवाशीं जुळते. उतारवयांतील माणसांस आयुष्यांतले प्रसंग आठवावयास सांगितलें असतां दहा ते तीस या वयांतल्या आठवणींची गर्दी अधिक असते, हेंही अशा प्रयोगांतून वारंवार आढळून आलें आहे.

याचीं कारणें शोधूं लागल्यास पहिलें कारण उघड आहे. त्या वयांत सर्व गोष्टी प्रथमच घडत असतात. घर सोडून वसतिगृहांत राहणें, पहिला पगार, पहिला अनुराग, पहिला वियोग. आणि त्या वेळीं शेजारच्या खिडकींतून जें गाणें ऐकूं येत असतें, तें त्या प्रसंगाचा साक्षीदार होऊन बसतें. पुढें आपण त्या साक्षीदारास भेटतों तेव्हां गाणें ऐकत नसून प्रसंग ऐकत असतों. दुसरें कारण परिचयाचें. वारंवार समोर येणारी वस्तु केवळ त्या परिचयानेंच आवडूं लागते, हें रॉबर्ट झायन्स यांनीं १९६८ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. तारुण्यांत वेळ पुष्कळ आणि कॅसेटी थोड्या. तीच कॅसेट उलटसुलट करून फीत झिजेपर्यंत आपण ऐकत असूं. पन्नाशीचा रसिक नव्या गाण्यास एकदां, तेंही अर्धवट, गाडी हांकतांना ऐकतो आणि नापास करतो. विशींत त्यानें आपल्या गाण्यास पन्नास वेळां संधि दिली होती, हें तो सोयीनें विसरतो.

तिसरें कारण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. कान हा भाषेप्रमाणें घडतो. लहानपणीं ज्या बोलींत आपण रागावलों-हसलों, ती आपणांस ‘शुद्ध’ वाटते आणि पलीकडच्या तालुक्याची बोली ओबडधोबड वाटते. तसेंच सुरांचें आहे. पेटी-तबल्याच्या बेताच्या साथींत शब्द स्वच्छ ऐकूं यावा, अशा गाण्यावर जो वाढला, त्याला ‘सैराट’मधील (२०१६) प्रचंड वाद्यवृंद केवळ गलबला वाटतो. त्याचें कारण त्या वाद्यवृंदांत कांहीं नाहीं असें नव्हे; कोठें लक्ष द्यावें हें या कानास कोणीं शिकविलेलें नाहीं, एवढेंच. ज्या भाषेचें व्याकरण आपणांस ठाऊक नाहीं, तिच्यांतील काव्याची परीक्षा करूं नये, हा नियम साहित्यांत आपण निमूटपणें पाळतों. संगीतांत मात्र तो कोणास आठवत नाहीं.

याशिवाय काळाची चाळण आहेच. १९५५ सालीं निघालेलीं सर्व गाणीं आज कोणी ऐकत नाहीं. त्यांतील निवडक पन्नास-शंभर आपल्यापर्यंत पोहोंचलीं आहेत. चालू सालचीं गाणीं मात्र कोंड्यासकट अंगावर येतात. निवडलेल्या दाण्यांशीं न पाखडलेल्या राशीची तुलना करावयाची, आणि पूर्वीचें पीकच उत्तम होतें असा निकाल द्यावयाचा, हा न्याय शेतकऱ्यास हसूं आणील.

येथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्या मनुष्यस्वभावाच्या आहेत आणि त्यांत निंद्य असें कांहींच नाहीं. आपल्या आईच्या हातच्या आमटीची कोणी परीक्षा करीत नाहीं. ती आवडते, एवढें पुरे असतें. प्रश्न येतो तो ही आवड निकालपत्राचा वेष घेऊन बाहेर पडते तेव्हां, आणि विशेषतः असा निकाल अमलांत आणण्याचा अधिकार हातीं असतो तेव्हां. १९५२ सालीं केंद्र सरकारचें माहिती व नभोवाणी खातें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आलें. हे गृहस्थ महाराष्ट्रीय, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे खरे चाहते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षीं सुरू झाला, आणि संस्थानें गेल्यामुळें निराधार झालेल्या कित्येक गुणी कलावंतांस नभोवाणीनें आश्रय दिला, हें उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु चित्रपटगीत हें उथळ व पाश्चात्त्यांच्या उष्ट्यावर पोसलेलें, असा त्यांचा ग्रह होता. आणि आकाशवाणीवरून तीं गाणीं इतकीं कमी झालीं कीं, कांहीं काळ जवळजवळ नाहींशींच झालीं. तरुण श्रोत्यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला. १९५२ च्या डिसेंबरांत तेथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ काढून आकाशवाणीस त्याच गाण्यांसाठीं आपला दरवाजा उघडावा लागला.

केसकर केवळ आपल्या तारुण्याच्या आठवणींनीं बांधले गेले होते, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका पिढीच्या घडलेल्या कानानें दुसऱ्या पिढीच्या गाण्यावर हुकूम बजावला, हें खरें. आणि यांतील मौज पुढेंच आहे. १९५२ सालीं जीं गाणीं देशाची अभिरुचि बिघडवीत होतीं, तींच आज पिकल्या केसांच्या मंडळींत हिंदी चित्रपटसंगीताचें सुवर्णयुग म्हणून गाइलीं जातात, आणि त्यांचा दाखला देऊन आजच्या गाण्यास उथळ व पाश्चात्त्यांचें उष्टें ठरविलें जातें. आरोपपत्र तेंच, आरोपी तेवढा बदलला!

मग कित्येक म्हणतील कीं, सर्वच आवड वयाची असेल तर उत्तम गाणें आणि टाकाऊ गाणें हा भेदच उरला नाहीं. टीकाकारानें आपलें दुकान बंद करावें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आठवण गाण्यास प्रिय करूं शकते. ती त्यास चांगलें करूं शकत नाहीं. म्हणून ज्यास त्या गाण्याची कसलीच आठवण नाहीं, असा कान शोधला पाहिजे. २०११ सालीं बालगंधर्वांवरील चित्रपट आला. त्यांतील पदांबद्दल आनंद भाटे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, ज्यांच्या आजोबांनींही गंधर्वांस स्त्रीवेषांत पाहिलें नसेल अशीं मुलें तीं पदें गुणगुणूं लागलीं. ‘कट्यारी’चा चित्रपट २०१५ सालीं निघाला, तेव्हां अभिषेक्यांच्या चालींचेंही तसेंच झालें. या मुलांस ना त्या नाटकगृहांतील अत्तराचा वास ठाऊक, ना पहांटेपर्यंत चाललेल्या प्रयोगांची धुंदी. त्यांना जें सांपडलें, तें त्या सुरांतच असलें पाहिजे.

यावर एक रास्त शंका निघते. मुलांच्या कानावर आईबापांचीं गाणीं घरांतच पडत असतात. तेव्हां त्यांचा कान तरी कोरा कसा? २०१३ सालीं कॅरल क्रुमहान्सल व जस्टिन झुप्निक यांनीं विशीच्या ६२ अमेरिकन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हेंच दिसलें. त्या मुलांस स्वतःच्या काळच्या गाण्यांखेरीज आपले आईबाप विशी-पंचविशींत असतांना, म्हणजे १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, गाजलेलीं गाणीं विशेष जवळचीं वाटलीं; शिवाय १९६० नंतरच्या दशकांतील गाण्यांविषयींही तसाच ओढा आढळला. आमच्या मते या शोधानें कसोटी मोडत नाहीं, ती अधिक कडक होते. आईबापांस जीं शेंकडों गाणीं प्रिय होतीं, त्यांतलीं मोजकींच मुलें उचलतात, आणि त्यांतलीं आणखी थोडीं नातवंडांपर्यंत जातात. घरांतून मिळालेल्या वारशांतही निवड असतेच. तिसऱ्या हातांत टिकलेलें गाणें हें केवळ कोणाच्या मायेवर जगलें, असें म्हणतां येत नाहीं.

तात्पर्य, टीकाकारानें आपल्या कानास दोन प्रश्न विचारावेत. हें गाणें मीं प्रथम कोणत्या वयांत ऐकलें? आणि त्या वयाचा उल्लेख गाळून मला त्याविषयीं किती बोलतां येतें? मुखडा कसा उचलला आहे, शब्दाचा भार आणि तालाची सम कोठें जुळतात, अंतरा मुखड्याकडे कोणत्या वाटेनें परततो, हें सांगतां आलें तर तो निकाल. सांगतां न आलें तर ती माया. आमच्यापुरतें सांगावयाचें तर १९८८ ते १९९२ हीं आमचीं महाविद्यालयाचीं वर्षें. त्या काळीं ‘आशिकी’चीं (१९९०) गाणीं पानपट्टीपासून लग्नमंडपापर्यंत वाजत, आणि त्यांच्या आगेंमागें ‘निवडुंग’ (१९८९) या मराठी चित्रपटांत हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आल्या होत्या. दोन्हीं आम्हांस आजही प्रिय आहेत. परंतु वर्गांतील मुलांसमोर ‘निवडुंगा’तील चालींवर आम्ही तासभर बोलूं शकतों, ग्रेस यांच्या कवितेच्या ओळीचा तोल सुरानें कसा सांभाळला, हें पेटीवर दाखवूंही शकतों. ‘आशिकी’विषयीं बोलूं लागलों कीं पांच मिनिटांत आम्ही आमच्याच गोष्टी सांगूं लागतों.

या भेदाची गरज नव्या गाण्यापेक्षां जुन्यासच अधिक आहे. नवें गाणें आमच्या निंदेनें मरत नाहीं. त्याला त्याचे तरुण आहेत. जुन्या गाण्याचे मित्र मात्र दिवसेंदिवस कमी होत असतात, आणि त्याची थोरवी केवळ “आमच्या वेळीं” या दोन शब्दांवर उभी केली, तर तीं तोंडें मिटतांच तीही नाहींशी होईल. ज्यांस आपलें गाणें मागें राहावें असें वाटतें, त्यांनीं आठवणी थोड्या आवराव्यात आणि मुलांना तें गाणें स्वस्थपणें ऐकवावें. मग मुलें आपलें ऐकवितील, तेंही तितक्याच स्वस्थपणें, एकदां सोडून दहादां ऐकावें. २०१६ सालीं ‘सैराट’वर नाचलेलीं मुलें २०५० पर्यंत पन्नाशी गांठतील, आणि आपल्या मुलांस म्हणतील कीं, आतां पूर्वीसारखीं गाणीं राहिलीं नाहींत. त्या वेळीं त्यांच्यापाशीं आठवणीखेरीज एखादें कारणही असावें, अशी तजवीज आज त्यांना शिकविणाऱ्या आम्हां लोकांनींच केली पाहिजे.