जुने घरगुती संगणक : आठवण किती, गुण किती?

गेल्या दिवाळीत पिंपळनेरच्या घराचा माळा आवरताना जुन्या पेटीत एक चपटे काळे यंत्र हाती लागले. आमच्या काकांनी १९८९ साली पुण्याहून आणलेला हा ‘स्पेक्ट्रम प्लस’ संगणक. ब्रिटनमधील सिंक्लेअर कंपनीचा हा नमुना पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८८ च्या सुमारास परवाना घेऊन भारतात विकायला आणला होता. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही जोडला, ट्यूनिंगचे बटण बराच वेळ फिरवले, आणि पडद्याच्या तळाशी सिंक्लेअरचे नाव व १९८२ हे साल उमटले. नववीतल्या भाचीने ‘पी’ ही कळ दाबली, तर ‘प्रिंट’ हा आख्खा शब्द आला. त्यापुढे तिने ७ गुणिले ८ लिहून एंटर दाबले. वर उत्तर आले, ५६. “एवढंच?” ती म्हणाली. पण अर्ध्या तासाने ती एकोणतीसचा पाढा त्याच्याकडून लिहून घेत होती आणि जेवायला उठायला तयार नव्हती.

अशा यंत्रांचे शौकीन ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. ते जुने संगणक दुरुस्त करतात, सुटे भाग नव्याने बनवतात, त्यांच्यासाठी आजही नवे खेळ लिहितात. ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात ही यंत्रे चालू स्थितीत पाहायला मिळतात. या मंडळींचा एक दावा वारंवार ऐकू येतो : आजच्या संगणकांपेक्षा ते संगणक शिकायला चांगले होते, त्यांनीच प्रोग्रॅम लिहिणारी एक पिढी घडवली. आपल्याकडे शाळाशाळांतून टॅब्लेट आणि ‘स्मार्ट’ फळे येत असताना हा दावा शिक्षकांनी तपासून घ्यावा असे आम्हाला वाटते.

आधी यंत्राचे गुण पाहू. सिंक्लेअरचा झेडएक्स-८१ मार्च १९८१ मध्ये आला. त्यात स्मृती होती फक्त १ किलोबाइट, आणि तयार यंत्राची किंमत सत्तर पौंडांच्या आत. एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रमची १६ किलोबाइटची आवृत्ती १२५ पौंडांना, तर ४८ किलोबाइटची १७५ पौंडांना मिळे. वीज सुरू करताच हे संगणक थेट बेसिक या भाषेत उघडत. मुलाच्या मनात आलेला विचार आणि यंत्राचे उत्तर यांच्यामध्ये दुसरे काहीच नसे. चूक झाली तरी उत्तर लगेच येई, आणि यंत्र बिघडण्याची भीती नव्हती. बंद करून चालू केले की पाटी कोरी.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. हे यंत्र संपूर्ण समजून घेता येत असे. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके असतात, म्हणजे एकूण ४९,१५२. प्रत्येक ठिपका पेटलेला की विझलेला एवढेच लिहायला ६,१४४ बाइट लागतात. प्रत्येक ठिपक्याला आठांपैकी एक रंग द्यायचा तर ठिपक्यामागे तीन बिट, म्हणजे १८,४३२ बाइट खर्च झाले असते. एवढी चैन परवडणारी नव्हती. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत फक्त दोन रंग, असा नियम केला. अशा ७६८ चौकटींना प्रत्येकी एक बाइट, आणि सगळे काम ६,९१२ बाइटांत भागले. याची किंमतही मोजावी लागली. खेळातला हिरवा माणूस लाल भिंतीजवळ गेला की भिंतही हिरवी होई! शौकीन मंडळी या दोषाचेही लाडाने कौतुक करतात. आम्हाला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. यंत्र असे का वागते, या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या विद्यार्थ्याला वहीच्या एका पानावर काढता येते.

याच आठ बाय आठच्या चौकटीत आम्ही लहानपणी मराठी लिहून पाहिले होते. स्पेक्ट्रममध्ये आपल्या मनाची २१ चिन्हे घडवता येतात. चौकटीची प्रत्येक ओळ म्हणजे आठ बिट, म्हणजे एक संख्या. आलेखाच्या कागदावर ‘प’ काढला. सगळे आठ ठिपके पेटलेली शिरोरेषा म्हणजे २५५. त्याखाली डावी बाजू आणि उजवा दंड मिळून तीनदा ६६, मग दंडाला मिळणारी आडवी रेघ ६२, उरलेला दंड २, २ आणि शेवटी ०. ‘प’ तर जमला, पण वेलांटी, अनुस्वार आणि मात्रा कुठे बसवायच्या? शिरोरेषेच्या वर जागाच नाही. अखेर ‘पिंपळनेर’ हा शब्द दुमजली करावा लागला : खाली वेलांटीचा दंड, प, ळ, न आणि र, तर वरच्या मजल्यावर वेलांटीची कमान, अनुस्वारासह तिचे टोक आणि मात्रा. आठ चिन्हे खर्ची पडली. इंग्रजीसाठी बेतलेल्या यंत्रात आपली लिपी का अडते, हे आम्हाला त्या दुपारी कळले. आज कोणत्याही फोनवर ‘पिंपळनेर’ सहज लिहिता येते, आणि ही प्रगती आम्हाला मोलाची वाटते. मात्र ते अक्षर पडद्यावर कसे येते, हे लिहिणाऱ्याला कळण्याचे कारणच उरलेले नाही.

आता दोष. जुन्या यंत्रांच्या प्रेमात ते विसरले जातात. स्पेक्ट्रमवर प्रोग्रॅम साठवायचा तो कॅसेटवर. सेकंदाला साधारण १,५०० बिट या वेगाने ४८ किलोबाइट भरायला जवळजवळ साडेचार मिनिटे लागत, आणि शेवटच्या क्षणी टेप अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. पिंपळनेरला त्यात वीज जाण्याची भर. तासभर टंकलेला प्रोग्रॅम एका क्षणात नाहीसा झाल्यावर आम्ही रडलो आहोत. तेव्हा ‘ते दिवस चांगले होते’ हे आम्ही तरी म्हणणार नाही.

‘या यंत्रांनी पिढी घडवली’ या दाव्याची खरी परीक्षा मात्र भारतातच झाली आहे, आणि ब्रिटिश शौकिनांच्या बोलण्यात ती क्वचितच येते. डिसेंबर १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ ब्रिटनमध्ये आला. १९८४-८५ साली आपल्या केंद्र सरकारने हाच संगणक निवडून ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुरुवात सुमारे अडीचशे शाळांपासून झाली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने याच यंत्राची जुळणी ‘युनिकॉर्न’ या नावाने केली.

यंत्र उत्तम होते. त्याची बेसिक नीटनेटकी होती. त्यातल्या घड्याळावरून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजता येई. बाहेरचा विद्युतदाब मोजण्यासाठी चार जोडण्या होत्या, म्हणजे थर्मिस्टर जोडून थंड होणाऱ्या पाण्याचा आलेख काढणे सहज शक्य होते. विज्ञान शिक्षकाला आणखी काय हवे?

तरीही आमच्या शाळकरी आठवणीतला बीबीसी मायक्रो म्हणजे कुलूपबंद खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला आणि यंत्रांवरची कापडी झाकणे. एक साधा हिशेब करू. समजा, खोलीत पाच संगणक आहेत, वर्गात चाळीस मुले आहेत आणि तास चाळीस मिनिटांचा आहे. एका यंत्रापाशी आठ मुले, प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे. पाच मिनिटांत चूक करायलाही वेळ पुरत नाही, मग ती दुरुस्त करणे दूरच. तिकडे ब्रिटनमधल्या मुलाला तेच यंत्र घरी आख्खी संध्याकाळ मिळे. शिवाय त्याच्या मागे खुद्द बीबीसी होती. जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, तिच्या जोडीला पुस्तक आले, आणि दुकानात मिळणाऱ्या मासिकांतून पानेच्या पाने प्रोग्रॅम छापून येत. आपल्याकडे यंत्र आले, पण त्याच्याभोवतीची ही व्यवस्था आली नाही. शिक्षकाला प्रयोग करून पाहायला मोकळा वेळ नव्हता आणि मुलांच्या भाषेतले साहित्य फारसे नव्हते. कालांतराने ही यंत्रे कालबाह्य ठरून बाजूला पडली.

म्हणून ‘यंत्राने पिढी घडवली’ हे विधान आम्ही अर्धेच मान्य करतो. मुलांना यंत्राशी एकट्याने रेंगाळायला वेळ मिळाला आणि अडल्यावर विचारायला जागा मिळाली, हे उरलेले अर्धे. जिथे दोन्ही जुळले तिथले फळ मात्र मोठे आहे. बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे आर्म हा प्रक्रियक रचला. एप्रिल १९८५ मध्ये तो पहिल्यांदा चालला. बनवण्यापूर्वी त्याच्या आज्ञांची चाचणी विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर घेतली होती. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्याच घराण्यातला प्रक्रियक असतो. २०१२ साली केंब्रिजमधून आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या स्वस्त संगणकाच्या आवृत्त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे बीबीसी मायक्रोच्या आठवणीने दिली आहेत. जुन्या यंत्राचा गुण नव्या यंत्रात आणण्याचा हा प्रयत्न आम्हाला संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापेक्षा अधिक पटतो.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? जुने यंत्र शोधत फिरण्याची गरज नाही. इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाचे सोंग घेणारे प्रोग्रॅम, फुकट मिळतात. त्यावर एक तास मुलांना आपल्या नावाचे पहिले अक्षर आठ बाय आठच्या चौकटीत बसवू द्या. इम्युलेटर नसेल तर आलेखाचा कागद आणि पेन्सिलही पुरते. मात्र शाळेत नवे उपकरण येईल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा. विद्यार्थी त्याच्याकडून बनवणाऱ्याच्या कल्पनेत नसलेले काही करवून घेऊ शकतो का? ते असे का वागले, हे शोधायला त्याला वाव आहे का? आणि एका मुलाच्या वाट्याला त्याची किती मिनिटे येतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी काढा, कारण ते शाळेच्या वेळापत्रकातच लिहिलेले असते. आमचा स्पेक्ट्रम सध्या पिंपळनेरच्या घरी बैठकीच्या खोलीत आहे. तो चालतो तोवर झाकून ठेवायचा नाही, असे ठरले आहे.