नियमाचा आशय: 'द मॅरेज' आणि 'पॅसेज'

कथनात्म साहित्याच्या समीक्षेची परिभाषा घेऊन व्हिडिओ गेमकडे वळणाऱ्यास पहिली अडचण येते ती आशय नेमका कोठे शोधावयाचा ही. पडद्यावरची चित्रे, संवाद, कथानक यांत तो शोधला तर खेळ हा एक दुय्यम दर्जाचा चित्रपट ठरतो. २००७ साली प्रकट झालेल्या दोन लहान खेळांनी, रॉड हंबल यांच्या 'द मॅरेज'ने आणि जेसन रोरर यांच्या 'पॅसेज'ने, वेगळे उत्तर देऊ पाहिले: खेळाचा आशय त्याच्या नियमांत असतो. त्याच वर्षी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' या ग्रंथात इयान बोगोस्ट यांनी या विचारास 'प्रोसीजरल ऱ्हेटरिक', म्हणजे प्रक्रियेचे वक्तृत्व, अशी सैद्धांतिक बैठक दिली.

'द मॅरेज'मध्ये निळा व गुलाबी असे दोन चौकोन आणि काही वर्तुळे आहेत. स्पर्श आणि दुरावा यांनुसार चौकोन वाढतात, आक्रसतात, फिकट होतात. चित्रण जवळजवळ पुसून टाकून केवळ नियमांद्वारे दांपत्याविषयी बोलण्याचा हा प्रयत्न होय. मात्र हंबल यांना खेळासोबत स्पष्टीकरण जोडावे लागले, आणि ते लागावे हे अपयशच, अशी कबुलीही त्यांनी दिली. शीर्षक काढून घेतले तर उरतात ते चौकोनच; अर्थ अखेर शब्दाकडूनच उसना आणलेला.

'पॅसेज' अधिक समर्थ आहे. शंभर बाय सोळा चित्रबिंदूंची अरुंद पट्टी, पाच मिनिटांचा अवधी. आरंभी खेळाडू डाव्या टोकाशी असतो आणि उजवीकडचे भविष्य दाटीवाटीने, धूसर दिसते. वय वाढते तसा तो उजवीकडे सरकतो आणि धूसरता मागे, भूतकाळात, साचत जाते. वाटेत एक स्त्री भेटते. तिचा स्पर्श झाला की ती सोबत येते. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे गुण दुप्पट होतात, पण खजिन्याच्या पेट्यांकडे नेणाऱ्या चिंचोळ्या फटींतून दोघांना जाता येत नाही. येथे स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. फटीशी अडलेले बोटच अर्थ जाणते. शेवटी ती जाते, मग तो; थडगे उरते आणि कोपऱ्यात गुणसंख्या, जिचे आता काहीच करावयाचे नसते.

आपल्याकडील मोक्षपट याच्या उलट वागतो. तेथे शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा, परंतु चाल ठरवतात ती कवडी किंवा फासा. चित्र नीती सांगते, नियम मात्र दैव. ही विसंगती त्या खेळाच्या लोकप्रियतेला बाधली नाही, हा भाग वेगळा.

न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली 'पॅसेज' संग्रहात घेतला, तो योग्यच. तरीही त्याच्या साधेपणाचा गौरव करताना एक गोष्ट नजरेआड होते. लेखकाचे विधान वाचक नाकारू शकतो. नियम नाकारणे म्हणजे खेळ सोडणे. म्हणूनच निर्मात्याची जीवनदृष्टी नियमात वस्तुस्थितीचा वेष घेऊन येते. 'पॅसेज'मधील स्त्री गुण वाढवते आणि वाट अडवते. याखेरीज तिला व्यापार नाही. तिला टाळता येते, तिला मात्र कोणास टाळता येत नाही. मृत्यूविषयी इतके सूक्ष्म बोलणाऱ्या या खेळात सहजीवनाचा हिशेब एकट्याच्या खात्यावर मांडलेला आहे, आणि ती ज्या फटींपाशी अडते त्यांच्यापलीकडे तिला काय हवे होते, याला त्या अरुंद पट्टीत जागाच ठेवलेली नाही.