हातशिलाई आणि इतिहासाचा खरेपणा

मंडळी, गेल्या वेळी आपण कॉलिंगवुडपाशी थांबलो होतो. इतिहास म्हणजे घटनांची जंत्री नव्हे, त्या काळच्या माणसाचा विचार आपल्या मनात पुन्हा करून पाहणं म्हणजे इतिहास, असं त्याचं म्हणणं. ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४६ साली आलं. आज मला ही कल्पना एका घरगुती छंदावर घासून बघायची आहे. इंग्लंड-अमेरिकेत बरेच हौशी लोक अठराव्या शतकातले पोशाख घरी बसून शिवतात. यंत्राला हात लावायचा नाही, सगळं सुईनं. किती रात्री लागल्या हेही अभिमानानं सांगतात.

या छंदाची थट्टा मला करायची नाही. त्यामागची चिकाटी खरी आहे. पण ‘हाताने शिवला, म्हणून पोशाख खरा’ हा दावा तपासायला हवा. १७७० साली ‘हाताने शिवलेला’ असं म्हणून कपड्याबद्दल काहीच सांगितल्यासारखं झालं नसतं. दुसरा पर्यायच कुठे होता? एलायस हाऊला शिवणयंत्राचं अमेरिकन पेटंट मिळालं ते १८४६ मध्ये. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर हा धर्म त्या काळापुरता केवलान्वयी; तो कशालाच कशापासून वेगळं करत नाही. यंत्र आलं आणि मगच हाताला मोल चढलं. म्हणजे हे मोल आपल्या काळाचं आहे, त्यांच्या नव्हे.

आता टाक्याकडे या. आजचा हौशी माणूस गाऊनच्या प्रत्येक शिवणीला बारीक, एकसारखे टाके घालतो. जुने गाऊन आतून पाहिले तर घेराच्या लांब शिवणी पुष्कळदा चांगल्या मोठ्या धावदोऱ्याच्या दिसतात, आपल्या गोधडीवर असतो तसल्या. कारण साधं आहे. रेशीम महाग, शिलाई स्वस्त. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेल्या रेशमाचा पन्हा साधारण २० इंच. तेवढ्यात बसवायचं, कमी पडेल तिथे तुकडा जोडायचा, कापायचं कमी आणि चुण्या जास्त घालायच्या. पुढे फॅशन बदलली की उसवून त्याच कापडाचा नवा गाऊन करायचा. उसवायचंच आहे, तर बारीक टाका घालणारा शहाणा कसा?

याउलट लिननचा शर्ट किंवा आतला झगा बघा. तो सारखा धुतला जाई, आपटला जाई. तिथे टाके इतके बारीक की चष्मा लावून मोजावे लागतात. म्हणजे टाक्याच्या लांबीमागे एक विचार होता, आणि कॉलिंगवुड ज्याला पुन्हा करून पाहा म्हणतो तो हाच. टाका हुबेहूब उतरवला आणि विचार सुटला, तर हातात राहते ती नक्कल.

या बाबतीत जॅनेट अर्नोल्ड या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. १९६४ साली त्यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चा पहिला भाग निघाला. संग्रहालयांतले मूळ कपडे मोजून त्यांनी ते चौकटीच्या कागदावर प्रमाणात उतरवले, आणि तसं करताना जोड-तुकडे लपवले नाहीत. काटकसर आकृतीतच दिसते. त्या पुस्तकावरून गाऊन शिवणारे मात्र पुष्कळदा भरपूर मोठ्या पन्ह्याचं कापड आणतात आणि जोड टाळतात. दिसायला नीटनेटकं होतं खरं, पण पुस्तकातला सगळ्यात बोलका भाग तिथेच गळतो.

आणि ‘घरी’ या शब्दाचं काय? चांगला गाऊन सहसा घरी होत नसे. तो बेतायला पैसे घेऊन काम करणारी कारागीर बाई लागे. फ्रान्समध्ये १६७५ साली अशा बायकांना स्वतःचा संघ मिळाला. तोवर तो हक्क शिंप्यांचा. घरात शिवले जात ते शर्ट आणि आतले कपडे. जेन ऑस्टिन १७९६ च्या एका पत्रात भावाचे शर्ट शिवत असल्याचं सांगते, आणि सगळ्यांत नेटकं काम आपलंच, अशी फुशारकीही मारते. बाईंची ही फुशारकी मला आवडते!

तुम्ही म्हणाल, हाताने शिवल्यावर शरीराला काही कळतंच ना? कळतं. मेण लावलेला दोरा गुंतत नाही, संध्याकाळच्या उजेडात काळ्या कापडावर सुई चालत नाही, हे पुस्तकातून कळणार नाही. पण एक गोष्ट या मार्गानं कळत नाही, ती म्हणजे घाई. आपण शिवतो ते सावकाश, रिकाम्या वेळात, स्वतःसाठी. थॉमस हूडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ १८४३ साली ‘पंच’मध्ये आली, ती तुटपुंज्या मजुरीवर शर्ट शिवणाऱ्या बाईबद्दल. तिचाही टाका हाताचाच होता. आपल्या हातशिलाईच्या कौतुकात ही बाई कुठे बसते, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माझी सूचना एवढीच, की गाऊनआधी शर्ट शिवून बघा. सगळे चौकोन आणि आयत, काखेखाली एक चौकोनी तुकडा, कापड जवळजवळ वाया जात नाही. कोटाखाली तो बहुतेक झाकलेलाच राहील, म्हणून फोटोत फारसा येणार नाही. बरं, आता प्रश्न घेऊ या.