इतिहासाच्या सोंगात गोणी कुठे आहे?

1664ची सुरतेची लूट आपण चित्ररथांवर आणि मैदानी नाटकांत पुष्कळदा पाहिली आहे. घोडे उधळतात, मोहरांचे ढीग पडतात. मात्र देशातला माल सुरतेला पोहोचायचा कोणत्या वाटेने, हा प्रश्न कुठल्याच चित्ररथावर चढत नाही. खानदेशातल्या माणसाने तरी तो विचारावा, कारण त्या वाटेचा मोठा टप्पा आपल्या अंगणातून जात होता. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावर नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी गावे नोंदवतो. धरणगावी इंग्रजांची वखार होती. 1679 साली मराठी फौजेने धरणगाव आणि चोपडा लुटले. लुटण्याजोगे काही होते म्हणूनच ना!

‘जाणता राजा’ने आणि त्याच्या वळणावरच्या महानाट्यांनी हत्ती-घोडे मैदानात आणले, हजारोंना इतिहासाची ओढ लावली. ते श्रेय त्यांचेच. पण या परंपरेत माणूस एक तर गादीवर बसतो, नाही तर तलवार धरतो. ओझे उचलणारा दिसतो तो नाटक संपल्यावर, सामान ट्रकमध्ये भरताना.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी वेगळी वाट धरली आहे. 1825 ते 1840 या काळात रॉकी पर्वतात दर उन्हाळ्यात बाजार भरे. बीव्हर या पाण्यातल्या प्राण्याची कातडी द्यायची आणि दारूगोळा, घोंगड्या, मद्य घ्यायचे. त्या प्राण्याच्या लवीपासून युरोपात टोप्या बनत. पुढे रेशमी टोपीची टूम आली आणि धंदा बसला. आज तिथले हौशी लोक असे मेळे पुन्हा भरवतात. हाताने शिवलेले कपडे, चकमकीचा विस्तव, आणि अनेक ठिकाणी 1840नंतरची वस्तू नजरेस पडू द्यायची नाही असा दंडक. लढाईऐवजी देवघेव हा खेळाचा विषय होऊ शकतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. दोष मात्र तिथेही आहे. कातडी कमावणाऱ्या, पादत्राणे शिवणाऱ्या आदिवासी स्त्रियांवाचून तो व्यापार उभा राहिला नसता. मेळ्यात भाव खातो तो एकटा गोरा शिकारी.

आपल्याकडे हे अधिक जपावे लागेल. ताव्हेर्निएने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे चार जमाती होत्या आणि धान्य, तांदूळ, डाळी, मीठ यांतली एकेक वस्तूच एकेक जमात वाही. रेल्वेने ही लदेणी संपवली. सातपुड्याच्या घाटवाटा राखण्याबद्दल भिल्लांना हक्क मिळत. आणि ज्या 1825 साली रॉकीतला पहिला बाजार भरला, त्याच साली इंग्रज खानदेशात भिल्लांची पलटण उभी करत होते. स्नेहसंमेलनात अंगाला काळे फासून जो ‘भिल्ल’ नाचवला जातो, त्याच्यापाशी यातले काहीही नसते. तांडा मैदानात आणायचाच असेल, तर आधी धुळे-जळगावच्या तांड्यांवर आणि पाड्यांवर जाऊन विचारावे लागेल: हा वेश कोणी घालायचा, आणि बोलायचे कोणी?

या बाबतीत दिवाळीतला मुलांचा किल्ला महानाट्यापेक्षा उजवा वाटतो. वर सिंहासन असते. पण पायथ्याशी गवळण असते, भाजीवाली असते, विहिरीवर पाणी भरणारी बाई असते. तिच्या शेजारी, पाठीवर दोन्ही बाजूंना मिठाच्या गोण्या टाकलेला मातीचा एक बैल सहज मावेल.