शत्रूने रचलेले मूळपुरुषाचे गीत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची मॅक्डोनाल्ड, मॅक्डूगल आणि मॅक्रुअरी ही तिन्ही कुळे मूळपुरुष म्हणून एकाच माणसाचे नाव सांगतात : सॉमरलेड. बाराव्या शतकातला आर्गाइलचा हा दर्यावर्दी राजा ११६४ साली क्लाइड नदीकाठी रेनफ्र्यू येथे मारला गेला. कुळातल्या लोकांनी त्याच्याविषयी पुष्कळ कथा सांगितल्या, पण त्या कागदावर उतरल्या त्याच्या मागे काही शतकांनी. त्याच्या मृत्यूच्या जवळपासच्या काळात रचलेली कविता मात्र एकच आहे, आणि ती त्याच्या शत्रूंच्या गोटातली आहे. ‘कार्मेन दे मोर्ते सुमेर्लेदी’, म्हणजे ‘सॉमरलेडच्या मृत्यूचे गीत’. विल्यम नावाच्या एका धर्मसेवकाने लॅटिनमध्ये, यमके जुळवत ती रचली. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजातल्या १३९ क्रमांकाच्या हस्तलिखितात ती टिकून आहे.

विल्यमला सॉमरलेडचे चरित्र लिहायचे नव्हते. ग्लासगोचे रक्षण करणाऱ्या संत केंटिगर्नचा महिमा गायचा होता. पण गाता गाता त्याच्या हातून जे घडले ते त्याच्या हेतूपेक्षा मोठे आहे, आणि कवितेचा खरा रस तिथेच आहे.

कविता समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. सॉमरलेडच्या डोळ्यांदेखत स्कॉटलंड बदलत होते. राजा पहिला डेव्हिड याने परक्या सरदारांना जमिनी दिल्या, नवे मठ वसवले, बिशपांची घडी बसवली. ११५३ साली तो वारला आणि बारा वर्षांचा नातू चौथा माल्कम गादीवर आला. त्याच वर्षी सॉमरलेड आपल्या भाच्यांना घेऊन बंडात उतरला. त्याची खरी ताकद समुद्रावर होती. मॅन बेटाचा आणि हेब्रिडीज बेटांचा राजा ओलाफ याची मुलगी रॅगनहिल्ड ही त्याची बायको. ओलाफनंतर त्याचा मुलगा गॉड्रेड राजा झाला, तेव्हा मेहुण्या-मेहुण्यांत जुंपली. जानेवारी ११५६ मध्ये एपिफनीच्या सणाच्या रात्री दोघांचे आरमार भिडले आणि उजाडता उजाडता बेटांची वाटणी झाली. दोन वर्षांनी सॉमरलेड ५३ जहाजे घेऊन मॅनवर चालून गेला आणि गॉड्रेडला नॉर्वेत पळून जावे लागले. मॅनच्या बखरीप्रमाणे ११६४ साली तो रेनफ्र्यूला आला तेव्हा त्याच्याबरोबर १६० जहाजे होती.

यातले काहीही विल्यमच्या कवितेत नाही. विवाह नाही, रात्रीची लढाई नाही, जहाजांची संख्या नाही. ती सुरू होते राजा डेव्हिडच्या मृत्यूपासून. राजा मातीआड गेला आणि दुष्टांचा कपटीपणा उघडा पडला, असा तिचा आरंभ. हल्लेखोरांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत; त्यांनी काय मोडले तेवढे दिसते. बागा, शेते, नांगरलेली जमीन उजाड होते. माणसे जखमी होऊन पळतात. ग्लासगो रिकामे होते. मार्क नावाचा एक धर्मगुरू आणि त्याचे विखुरलेले सोबती तेवढे चर्चच्या भिंतींच्या आत थांबतात, रडतात आणि सुखाचे दिवस आठवतात. विध्वंसाच्या यादीत कवीने जमिनीला दिलेली ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे हीच जमीन लढाईत उतरणार आहे.

यानंतर कविता बिशप हर्बर्टकडे वळते. ११४७ पासून ग्लासगोचा बिशप असलेला हा म्हातारा दूर कुठेतरी आहे. लोकांच्या हालांची वार्ता त्याला लागली आहे, आणि तो केंटिगर्नला साकडे घालतो. काही होत नाही. मग बिशप चिडतो. स्कॉटलंडच्या संतांना नावे ठेवतो, खुद्द केंटिगर्नला दोष देतो. एका धर्मसेवकाने आपल्याच बिशपला संताशी असे भांडताना दाखवावे, हे धाडसाचे आहे. संतचरित्रांच्या साच्यात प्रार्थना झाली की लगेच फळ मिळते. विल्यम मध्ये वेळ जाऊ देतो, श्रद्धेला तडा जाऊ देतो. इतकी निराशा यावी असा शत्रू कोण, हा प्रश्न वाचकाच्या मनात तेव्हाच उभा राहतो. कवीने तो विचारलेला नसला तरी.

संत टोमणा विसरलेला नसतो. तो बिशपला परत बोलावतो, आणि हर्बर्ट रात्रीच निघतो. सालोमन आणि हेलियास हे दोघे सोबतीला. का निघालो आहोत हे धडपणे कोणालाच ठाऊक नाही. थकलेला म्हातारा तरण्या पोरासारखा झपाझप चालतो. कवितेतला हा सर्वांत मानवी भाग. इथे विल्यमची लेखणी सैल सुटते, कारण या माणसांना तो ओळखतो. मग बातमी येते : सॉमरलेड उतरला आहे. कवी त्याला कपटी, क्रूर म्हणतो आणि लगेच आकडे मांडतो : तिकडे हजार, इकडे शंभर. हे आकडे मोजणीचे नाहीत, भीतीचे आहेत. भयानक रस विल्यमने विशेषणांतून आणू पाहिला तो फारसा उतरत नाही. या दोन आकड्यांत तो चटकन उतरतो.

आता कवितेचा गाभा. कवी श्रोत्यांना एक नवल ऐका म्हणून हाक देतो. हेदरची आणि काटेरी गॉर्सची झुडपे माना हलवू लागतात. जळालेला रानओवा, फांद्या, काटेऱ्या, नेचे हे सारे शत्रूला सैनिक भासतात. रानओव्याच्या सावल्या आणि साधा धूर, एवढीच या बाजूची तटबंदी. हे चमत्काराचे वर्णन आहे, पण त्याची सामग्री पाहा. आकाशातून देवदूत उतरत नाहीत, विजा कोसळत नाहीत, संताची तेजस्वी मूर्ती प्रकटत नाही. त्या माळावर रोज उगवणारी, गुरांनीही न चाखलेली झुडपे तेवढी आहेत, आणि धूर आहे. अद्भुत रस इतक्या साध्या वस्तूंतून उभा करणे सोपे नाही. आरंभी ज्या भूमीची नासाडी झाली, तिच्याच अंगावरचे खुरटे रान आता शत्रूवर उठते. कवीने हा धागा जोडून दाखवलेला नाही; कदाचित त्याच्या लक्षातही नसेल. कवितेच्या बांधणीत मात्र तो पक्का आहे.

याच जागी विल्यमचा साक्षीदारपणाही पटतो. वाऱ्याने हलणारी झुडपे, पेटवलेले रान आणि धुरात न कळणारी माणसे हे रणांगणावरचे अगदी शक्य दृश्य आहे. संताने केलेला चमत्कार आणि दबा धरून बसलेल्या लोकांनी रचलेला डाव यांत फरक करायची कवीला गरज वाटत नाही. आपण दोन्ही अर्थ एकाच वेळी वाचू शकतो, आणि ओळी दोन्ही अर्थ पेलतात.

इतकी तयारी झाल्यावर सॉमरलेडचा मृत्यू येतो, आणि कवी तो भरकन उरकतो. पहिल्याच धडकेत नायक पडतो : भाल्याने जखमी होतो, तलवारीने मरतो. त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तो कसा दिसत होता, कसा लढला, काहीच नाही. कोणाच्या भाल्याने, कोणाच्या तलवारीने, तेही नाही. जिच्या नावातच हा मृत्यू आहे त्या कवितेत मृत्यूला इतकी कमी जागा! त्याहून जास्त जागा मिळते ती पळापळीला. खवळलेली लाट त्याच्या मुलाला गिळते. रक्ताळलेल्या पाण्यातून जहाजांवर चढू पाहणारे घोळक्याघोळक्याने बुडतात. ज्या समुद्राने सॉमरलेडला मोठे केले तोच त्याच्या माणसांना आत ओढतो. आणि एवढ्या कत्तलीत आपल्या बाजूचा एकही माणूस जखमीसुद्धा झाला नाही, असे कवी छातीठोकपणे सांगतो. इतिहास म्हणून हे वाक्य कुचकामी आहे. स्तोत्र म्हणून आवश्यक आहे.

एका माणसाबद्दलचे मौन याहून बोलके आहे. रेनफ्र्यूची जहागीर राजाच्या कारभाऱ्याची, वॉल्टर फिट्झअ‍ॅलनची होती. डेव्हिडने वर आणलेल्या नव्या सरदारांपैकी तो एक. लढाई त्याच्या दारात झाली, तेव्हा तीत त्याची माणसे असणारच, असे इतिहासकार मानतात. विल्यम त्याचे नावही घेत नाही. विजय संताला द्यायचा तर सरदाराला वाटा देता येत नाही. पण या वगळण्याची किंमत कवितेला चुकवावी लागते. माणसांचे हात काढून टाकल्यावर सॉमरलेडला हरवायला उरतात ती झुडपे, धूर, समुद्र आणि स्वर्गातला संत. एका माणसाला पाडायला अवघी सृष्टी आणि परलोक कामाला लावावा लागतो. निंदेच्या तोंडून स्तुती घडणे हा व्याजस्तुतीचा प्रकार आपल्या काव्यशास्त्राने कधीच नोंदवला आहे. इथे ती कवीला नकळत झाली आहे, म्हणून जास्त खरी वाटते.

शेवट बीभत्साकडून भक्तीकडे जातो. एक धर्मगुरू सॉमरलेडचे शिर कापतो आणि बिशपच्या हाती देतो. इथे पहिल्यांदाच कवी आपल्या खलनायकाला अभागी म्हणतो. शत्रूचे मुंडके पाहून बिशपच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तो म्हणतो की स्कॉटलंडचे संत खरोखर स्तुतीला पात्र आहेत. ज्या संतांना त्याने नावे ठेवली होती त्यांचीच ही परतफेड. कविता जिथे तुटली होती तिथे सांधली जाते. रडणारा म्हातारा, त्याच्या हातातले शिर आणि ओठांवरची स्तुती या तीन गोष्टी विल्यमने एकाच चौकटीत ठेवल्या आहेत आणि त्यांवर भाष्य केलेले नाही. हर्बर्टही त्याच वर्षी वारला. जे पाहिले आणि ऐकले ते आपण रचले, असे सांगून विल्यम कविता केंटिगर्नला वाहतो.

इतरांच्या नोंदींजवळ ठेवली की या कवितेचे वेगळेपण नीट कळते. मेलरोजच्या मठातली बखर सांगते की आपल्या राजाविरुद्ध बारा वर्षे बंड करणारा सॉमरलेड आयर्लंडमधून आणि इतर ठिकाणांहून सैन्य घेऊन आला आणि ईश्वरी कोपाने, त्या भागातल्या मूठभर लोकांकडून मारला गेला. मॅनची बखर त्याच्या विवाहालाच बेटांच्या राज्याच्या नाशाचे कारण ठरवते. आयर्लंडच्या नोंदवह्यांत वेगळाच माणूस भेटतो. त्याच ११६४ साली, संत कोलंबाच्या आयोना बेटावरच्या मठाचे प्रमुखपद डेरीच्या फ्लाहर्टाख ओ ब्रोल्खान याने घ्यावे, अशी विनंती सॉमरलेडच्या आणि आर्गाइल व बेटांवरच्या लोकांच्या सल्ल्याने झाली होती. विल्यमला जो संतांचा वैरी दिसला, तो दुसऱ्या एका संताच्या मठाची काळजी वाहत होता. रेनफ्र्यूला दोन सत्ता भिडल्या आणि त्यांच्यामागे दोन संतांच्या परंपराही उभ्या होत्या, हे कवितेच्या बाहेर आल्यावरच उमगते.

कुळाच्या कथांनी तर विल्यमचे चित्र उलटे करून टाकले. सतराव्या शतकात मॅक्डोनाल्डांचा इतिहास लिहिला गेला, त्यातला सॉमरलेड सामन मासे धरत बसलेला असतो. लोक नेतृत्व करायला सांगतात तेव्हा आधी मासा गळाला लागू दे म्हणतो. रॅगनहिल्ड मिळावी म्हणून तिच्या बापाच्या जहाजाला भोके पाडून ती चरबीने आणि लोण्याने बुजवली जातात, अशीही गोष्ट त्यात आहे. वायकिंगांपुढे आपली माणसे थोडी आहेत हे पाहून तो गुरांची कातडी पांघरायला लावतो आणि त्याच माणसांना वेगवेगळ्या रूपांत फिरवून मोठ्या सैन्याचा भास निर्माण करतो, असेही परंपरा सांगते. ही कथा विल्यमच्या झुडपांशेजारी ठेवावी. एकीकडे भासाने शत्रूला फसवणारा सॉमरलेड, दुसरीकडे भासाने फसलेला सॉमरलेड. रेनफ्र्यूच्या शेवटाचेही कुळाने वेगळे उत्तर दिले : तो रणात हरला नाही, तंबूत दग्याने मारला गेला. हरलेल्यांनाही आपल्या मूळपुरुषाच्या पराभवासाठी साधे माणसाचे बळ पुरेसे वाटले नाही. शत्रूला चमत्कार लागला, वंशजांना विश्वासघात लागला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक असलेला आहे. सॉमरलेडच्या वंशजांनी ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ म्हणून बेटांवर राज्य केले. वॉल्टरच्या वंशजांनी कारभाऱ्याच्या हुद्द्यावरूनच स्ट्यूअर्ट हे नाव घेतले आणि १३७१ मध्ये ते स्कॉटलंडचे राजे झाले. दोन घराण्यांत सोयरीक झाली, वैर सरले नाही. १४९३ साली स्ट्यूअर्ट राजा चौथा जेम्स याच्या काळात बेटांचे हे राज्य जप्त झाले. आज ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ ही पदवी ब्रिटिश गादीच्या वारसाकडे असते.

कविता म्हणून ‘कार्मेन’ असमान आहे. तिची विशेषणे एकसुरी आहेत, शत्रूबद्दलचा राग साचेबंद आहे. पण बिशपचे भांडण, रात्रीची वाट, माना हलवणारी झुडपे आणि हातातले शिर या चार जागा पहिल्या प्रतीच्या आहेत. कुळाच्या कथा सॉमरलेडवर प्रेम करणाऱ्यांनी लिहिल्या. ही कविता त्याला भ्यालेल्या माणसाने लिहिली, आणि त्या भीतीत त्याच्या मोठेपणाचे माप जास्त अचूक उतरले आहे. सॉमरलेडविषयी वाचायचे असेल त्याने सुरुवात या कवितेपासूनच करावी.